एका रेघेखालचे नाव

त्या दिवशी सकाळी साडेनऊला कंपनीचा वकील म्हणून मला तातडीने बोलावण्यात आले, तेव्हा पेटंटचा अर्ज दाखल करण्यासाठी जेमतेम चौदा तास उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका परिषदेत तो शोध जाहीर व्हायचा होता, आणि शोध एकदा लोकांपुढे मांडला गेला की अनेक देशांच्या कायद्यानुसार त्याचे नावीन्य संपते व पेटंटची वाट बंद होते. मसुदा तयार होता, आकृत्या तयार होत्या, दावे, म्हणजे शोधात नेमके नवे काय ते सांगणारी अर्जातली कलमे, मी स्वतः चार वेळा तपासले होते; कोरा होता तो फक्त संशोधकांच्या नावांचा रकाना. तो भरण्यासाठी ज्या दोघांच्या सह्या हव्या होत्या, त्यांतील प्रत्येकाचे म्हणणे होते की तिथे एकच नाव येऊ शकते, आणि ते आपले.

दोघेही विलक्षण बुद्धीचे होते, हे मी आदराने लिहितो आहे. एक जण व्हॉल्व्हचे रचनाकार होते, धातूच्या तुकड्यातून हवा कशी वाहील हे कागदावर आकडेमोड होण्याआधीच ओळखणारे. दुसऱ्या बाई नियंत्रण प्रणालीच्या प्रमुख होत्या. गोंगाटाने भरलेल्या आलेखातून नेमका अर्थ काढण्यात त्यांचा हात धरणारे कोणी मी पाहिलेले नाही. सहा वर्षे शेजारशेजारच्या प्रयोगशाळांत काम केलेल्या या दोघांमधले बोलणे गेल्या चार महिन्यांपासून फक्त ईमेलवर, आणि तेही वरिष्ठांना प्रत पाठवून, चालले होते.

शोध ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरविषयीचा, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राविषयीचा, होता. या यंत्रात झिओलाइट या सच्छिद्र खनिजाने भरलेली दोन नळकांडी असतात. एकात दाबाखाली हवा सोडली की तिच्यातला नायट्रोजन झिओलाइटला चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. तेवढ्या वेळात दुसऱ्यातला दाब उतरवून तिथला नायट्रोजन बाहेर सोडला जातो, आणि मग नळकांडी आपली कामे अदलाबदल करतात. या अदलाबदलीच्या क्षणी दोन्ही नळकांडी थोडा वेळ एकमेकांना जोडली, तर भरलेल्यातला दाब रिकाम्यात जातो आणि कॉम्प्रेसरचे श्रम वाचतात. ही युक्ती जुनीच आहे. अडचण अशी, की जोडणी किती वेळ ठेवायची हे सहसा आधीच ठरवून ठेवलेले असते, पण झिओलाइट दमटपणाने हळूहळू निकामी होत जातो आणि पहिल्या दिवशी अचूक असलेली वेळ पुढे चुकू लागते. नव्या रचनेत तो क्षण घड्याळावर न ठरता दाब ज्या वेगाने उतरतो त्या उतारावरून ठरत होता, आणि व्हॉल्व्हचे छिद्र एका विशिष्ट आकारामुळे झटक्याने न उघडता क्रमाक्रमाने उघडत होते. रचनाकारांच्या मते शोध म्हणजे ते छिद्र. बाकी सारे कोणत्याही अभियंत्याला सुचले असते. बाईंच्या मते शोध म्हणजे तो उतार वाचणे. छिद्र काय, कोणीही कोरून दिले असते.

कायद्याचा प्रश्न याहून साधा आणि याहून कठोर असतो. कष्ट कोणी केले, प्रयोगशाळा कोणाची, पद कोणाचे मोठे, याला तिथे महत्त्व नाही. प्रत्येक दावा घेऊन विचारायचे, की यातली कल्पना कोणाच्या मनात पूर्ण रूपाने आली. अमेरिकेच्या कायद्यात तर स्पष्ट म्हटले आहे, की सहसंशोधकांचे योगदान सारखे असण्याची किंवा प्रत्येक दाव्यात असण्याची गरज नाही. मात्र खऱ्या संशोधकाचे नाव जाणूनबुजून वगळले, तर पुढे सगळे पेटंटच धोक्यात येऊ शकते. मी कंपनीचा वकील होतो, दोघांपैकी कोणाचाही नव्हतो, आणि हे मी दोघांनाही पहिल्याच वाक्यात सांगितले.

रचनाकार मला म्हणाले, ‘‘त्यांचं नाव घातलंत तर मी सही करणार नाही. अर्ज बुडाला तरी चालेल.’’ तासाभराने दुसऱ्या खोलीत बाईंनी जवळजवळ हेच शब्द उच्चारले. स्वतःचे अनेक वर्षांचे काम बुडू द्यायला तयार असलेली माणसे मी आधीही पाहिली होती, तरी प्रत्येक वेळी मला तेवढेच वाईट वाटते. लोकांना यात केवळ हट्ट दिसतो. मला वाटते की ज्याला एखादी कल्पना खरोखर सुचली आहे, त्याला तो क्षण आपल्या शरीराचा भाग असल्यासारखा आठवतो, आणि त्या क्षणी खोलीत दुसरे कोणी होते हे आठवणीतून आपोआप गळून जाते. त्यात लबाडी असतेच असे नाही.

माझ्या व्यवसायात या प्रवृत्तीच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. 1947च्या डिसेंबरमध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, तेव्हा त्यांच्या गटाचे प्रमुख शॉक्ली यांना पेटंट आपल्या जुन्या कल्पनेवर आधारलेले हवे होते. पण लिलियनफेल्ड या आधीच्या संशोधकाची तशीच पेटंटे आधीपासून अस्तित्वात आहेत हे वकिलांना आढळले, आणि त्या अर्जावर शॉक्ली यांचे नाव आले नाही. दुखावलेल्या शॉक्लींनी काही आठवड्यांत एकट्याने, सहकाऱ्यांना न सांगता, अधिक टिकाऊ असा जंक्शन ट्रान्झिस्टर कागदावर सिद्ध केला. तिघांना 1956 साली एकत्र नोबेल मिळाले, पण बार्डीन 1951 मध्येच तिथून निघून गेले होते. शॉक्लींच्या अहंकारानेच त्यांच्याकडून ते काम करून घेतले, हे मला मान्य आहे. एक चांगला गट त्यातच मोडला, हेही तितकेच खरे आहे. आर्मस्ट्राँग आणि डी फॉरेस्ट या रेडिओ संशोधकांचा रिजनरेटिव्ह सर्किट या रेडिओतल्या मंडलावरचा वाद तर सुमारे वीस वर्षे चालला. 1934 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल डी फॉरेस्ट यांच्या बाजूने दिला, तेव्हा आर्मस्ट्राँग आपल्याला मिळालेले पदक परत करायला अभियंत्यांच्या संस्थेपुढे उभे राहिले, आणि संस्थेने ते परत घेण्यास नकार दिला. हे सगळे मी त्या दोघांना सांगितले नाही. अशा वेळी इतिहास ऐकवला की माणूस त्यातला पराभूत आपल्या प्रतिस्पर्ध्यात पाहतो.

दुपारी मी दोघांच्या प्रयोगवह्या मागवल्या. प्रयोगवहीचे नियम कडक असतात: पाने शिवलेली व क्रमांक घातलेली असावीत, लेखन शाईने असावे, प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही असावी, आणि चूक झाली तर ती एका रेघेने अशी खोडावी की खालचे अक्षर वाचता येईल. गॉर्डन गूल्ड या अमेरिकी संशोधकाने 1957च्या नोव्हेंबरमध्ये लेझरविषयीच्या आपल्या वहीची पाने नोटरीकडून प्रमाणित करून घेतली होती. अर्ज उशिरा केल्यामुळे त्यांना पुढे जवळजवळ वीस वर्षे झगडावे लागले, पण 1977 साली लेझरविषयीचे पहिले अमेरिकी पेटंट हाती पडले त्यामागे ती पाने होती.

दोन्ही वह्यांत मला एकाच दिवसाच्या, एकाच चाचणीच्या नोंदी सापडल्या. बाईंच्या वहीत आलेख होता, उतार काढण्याचे सूत्र होते, आणि खाली लिहिले होते: ‘छिद्र हळूहळू उघडल्यास दाबाची आंदोलने (चढउतार) जातील, उतार स्वच्छ दिसेल. सूचना पटली.’ रचनाकारांच्या वहीत छिद्राचे सुंदर रेखाचित्र होते. त्याच्याशेजारी लिहिले होते: ‘वेळेऐवजी उतारावर बंद करणे’, आणि त्यापुढे कंसात बाईंचे नाव. त्या नावावर एक रेघ मारलेली होती. रेघेशेजारी त्यांची आद्याक्षरे होती आणि तारीख होती, नोंदीनंतर पाच महिन्यांची.

मी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिलो. ते पान फाडणे त्यांना जमण्यासारखे नव्हते, कारण क्रमांक तुटला असता. पण शाईचा एक डाग सहज पडू शकला असता. त्यांनी तसे केले नव्हते. रागाच्या भरात एक नाव खोडतानाही त्यांचा हात नियमाप्रमाणेच चालला होता.

मी पान त्यांच्यापुढे ठेवले. ते म्हणाले, ‘‘ते खोडलेलं आहे.’’

‘‘हो सर, पण वाचता येतंय.’’

‘‘वाचता यायलाच हवं. नियमच तसा आहे,’’ ते चिडून म्हणाले, आणि मग गप्प झाले. चार-पाच मिनिटांनी त्यांनी विचारले, की फक्त रेखाचित्र पाहिले तर छिद्राचा दावा आपल्या एकट्याचा राहील ना. मी म्हटले, तो दावा तुमचाच आहे, पण उतार मोजायचा नसता तर त्या आकाराची गरज काय होती, हे तुम्हीच मला समजावून सांगा. त्यांनी समजावून सांगितले नाही. त्यांनी पेन मागितले.

बाईंना मी एवढेच विचारले, ‘‘मॅडम, सूचना पटली असं लिहिलंय. कोणाची?’’ त्यांनी वही जवळ ओढून ती ओळ पुन्हा वाचली. आपल्याच अक्षरातले वाक्य पहिल्यांदा वाचत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. ‘‘आंदोलनं मला तीन आठवडे छळत होती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते आत आले, आलेख पाहिला आणि उभ्या उभ्या सांगून गेले.’’

त्यानंतरही पहिले नाव कोणाचे यावर पाऊण तास गेला. नावांच्या क्रमाला कायद्यात काही अर्थ नाही हे दोघांनाही ठाऊक होते. अखेर वर्णानुक्रम मान्य झाला. इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, शोधणाऱ्या किल्बी आणि नॉइस यांच्या कंपन्याही वर्षानुवर्षे न्यायालयात भांडल्या, पण त्या दोघांनी एकमेकांचे श्रेय नाकारले नाही. 2000 साली नोबेल स्वीकारताना किल्बींनी दहा वर्षांपूर्वी वारलेल्या नॉइस यांची आठवण काढली. त्या रात्री माझ्या मनात तेच दोघे होते, पण माझ्यासमोरच्या दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या प्रतींवर सह्या केल्या. अर्ज अकरा वाजून वीस मिनिटांनी दाखल झाला.

मी कागद आवरत असताना बाई दाराशी आल्या. पर्स खांद्याला, हातात गाडीची किल्ली. ‘‘त्यांच्या वहीत माझं नाव होतं का?’’ त्यांनी विचारले.

‘‘आहे,’’ मी सांगितले, आणि रेघेविषयी काही बोललो नाही.