रझा परतले, ते कोणाकडे?

चित्रकार सय्यद हैदर रझा 2010 च्या डिसेंबरात पॅरिसमधला साठ वर्षांचा मुक्काम हलवून दिल्लीला कायमचे राहायला आले. कलावंत आपल्या मुळांकडे परतला, असे तेव्हा सगळीकडे म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. ते चूक नाही. पण अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी परतलेल्या या माणसाच्या घरी त्या वेळी होते कोण, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आई 1947 मध्ये गेली आणि वडील 1948 मध्ये. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली, पहिली पत्नीही गेली. धाकटा भाऊ अली इमाम तिकडे मोठा चित्रकार झाला आणि कराचीत त्याने इंडस गॅलरी उभी केली. एकाच घरातले दोन चित्रकार दोन देशांच्या कलेतिहासात वेगवेगळ्या पानांवर आले. त्यामुळे घराकडे परतायचे, तर रझांना ते घर आधी मनात उभे करावे लागले, आणि ते काम त्यांनी विमानात बसण्याच्या तीस वर्षे आधीच कॅनव्हासवर सुरू केले होते.

रझांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922 चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील सय्यद मोहम्मद रझी वनखात्यात होते, त्यामुळे बालपण जंगलालगतच्या वस्त्यांमध्ये गेले. रात्रीच्या जंगलाची भीती, त्या अंधारात चाललेले गोंडांचे नाच आणि सकाळ झाल्यावर बाजाराच्या दिवशी उसळणारे रंग यांविषयी ते म्हातारपणीही बोलत असत. ककैयाच्या प्राथमिक शाळेत लक्ष लागत नाही म्हणून नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि या मुलाला त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले, ही गोष्ट तर रझांच्या प्रत्येक चरित्रलेखात येते. पुढे ज्या ‘बिंदू’ने, म्हणजे कॅनव्हासवरच्या मोठ्या गोल ठिपक्याने, ते जगभर ओळखले गेले, त्याचे मूळ स्वतः रझाच या भिंतीपाशी नेऊन ठेवत.

माझ्यासारख्या नागपूरकराला मात्र त्यानंतरची वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. 1939 ते 1943 या काळात रझा नागपूरच्या चित्रकला विद्यालयात शिकले आणि मग मुंबईला जाऊन पोट भरण्यासाठी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरीला लागले. ज्यांनी जुन्या छापखान्यांचे काम पाहिले आहे, त्यांना ब्लॉक म्हणजे काय हे सांगायला नको. छायाचित्र जाळीतून टिपून त्याचे बारीक ठिपके करायचे, ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, नको असलेला भाग तेजाबाने खाऊ द्यायचा आणि भिंगाखाली धरून प्रत्येक ठिपका सुटा उठला आहे की नाही हे तपासायचे. माझे काका आयुष्यभर छापखान्यात होते. त्यांच्या टेबलावरचे भिंग डोळ्याला लावले, की वर्तमानपत्रातला पुढाऱ्याचा चेहरा नाहीसा होऊन नुसते काळे ठिपके उरत, लहानमोठे, पण ओळीत बसलेले. तरुण रझांच्या आसपास दिवसभर हेच काम चालत असणार. बिंदूची जन्मकथा सांगताना शाळेची भिंत येते, तंत्रसाधना येते, शून्य येते. ब्लॉकचा ठिपका कोणी आणत नाही. हा माझा कयास आहे, पुरावा नव्हे. पण कलावंताच्या पोटापाण्याच्या कामाकडे चरित्रकार जरा घाईने पाठ फिरवतात, असे माझे मत आहे.

1947 मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर रझांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या वळणाच्या कलावंतांचा गट मुंबईत स्थापन केला. पुढच्याच वर्षी काश्मीरमध्ये छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला आणि तुमच्या चित्रांत रंग आहे पण बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान पाहा, असा सल्ला देऊन गेला. रझांनी फ्रेंच शिकायला घेतले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि 1950 मध्ये पॅरिस गाठले. 1956 मध्ये तिथला समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला, जो तोवर कोणा परकीय चित्रकाराला मिळालेला नव्हता. 1959 मध्ये जानीन माँजिला या चित्रकर्तीशी त्यांचा विवाह झाला. पॅरिसमध्ये नाव, घर आणि दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बियो या डोंगरी खेड्यात उन्हाळ्याचा मुक्काम, असे सगळे जुळून आले होते.

आणि नेमके तिथेच ते अडखळले. चित्रे विकली जात होती, त्यांतली रंगाची समजही पक्की होती, पण ही चित्रे पॅरिसमधल्या दुसऱ्या कोणा चांगल्या चित्रकाराचीही असू शकली असती, हे त्यांना जाचू लागले. सत्तरच्या दशकात ते वारंवार भारतात आले, अजिंठा-वेरूळ, राजस्थान, बनारस पुन्हा पाहिले. 1978 मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यांना भोपाळला सन्मानाने बोलावले आणि जन्मभूमीशी तुटलेला धागा पुन्हा बांधला गेला. 1981 चे ‘माँ’ हे चित्र मला या सगळ्या प्रवासाचा कणा वाटते. एका बाजूला भला मोठा काळा बिंदू, त्याच्याभोवती लाल, पिवळ्या, काळ्या चौकटी, आणि खाली देवनागरीत कवी अशोक वाजपेयींच्या कवितेतली ओळ, जिच्यात मुलगा आईला विचारतो की परत येताना मी काय घेऊन येऊ. आई जाऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. पॅरिसच्या प्रदर्शनात येणाऱ्या बहुतेकांना ती लिपी वाचता येणार नाही, हे ठाऊक असतानाही रझांनी ती ओळ चित्रातच लिहिली. प्रेक्षकाला कळावे म्हणून लिहिलेली ती ओळ नाही. तिचा पत्ता मंडल्याचा आहे.

रझांची नंतरची सगळीच चित्रे मला सारखी आवडतात, असे मात्र नाही. नव्वदीनंतरच्या काही बिंदूंमध्ये मला शोधापेक्षा सवय अधिक दिसते. पंचतत्त्वे, कुंडलिनी, अंकुरण ही नावे येत राहतात आणि चौकटी अधिक सफाईदार होतात. बाजाराला अर्थात हेच हवे होते. 1983 चे ‘सौराष्ट्र’ 2010 च्या जूनमध्ये लंडनच्या लिलावात 16 कोटींहून अधिक किमतीला गेले. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीत रझांच्याच चित्रांचे एक प्रदर्शन भरले होते. तिथे गेलेल्या रझांना भिंतीवरची कित्येक चित्रे आपली नाहीतच, असे आढळले. मुळांचा शोध एकदा शैली बनला, की त्याची नक्कल करणे सोपे होते, हा त्यातला कडू भाग.

2002 मध्ये जानीन गेल्या, आणि त्याच वर्षी कराचीत अली इमामही. पॅरिसमध्ये थांबण्याचे कारण आणि सीमेपलीकडचे घर, दोन्ही एकाच वर्षात संपले. पुढची आठ वर्षे रझांनी तिथे कशी काढली असतील, याचा अंदाजच करायचा. दिल्लीला आल्यावर चाकांच्या खुर्चीत बसून ते रोज रंगवत राहिले आणि 23 जुलै 2016 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी दफन करण्यात आले. नागपूरहून शिवनीमार्गे मंडल्याला जाताना सागाचे जंगल लागते आणि गावाला तिन्ही बाजूंनी नर्मदेने वेढलेले दिसते. हा सारा मुलूख त्यांच्या वडिलांच्या खात्याचा होता, हे तिथे गेल्यावर चटकन ध्यानात येते.

प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधल्याच सदानंद बाकरे यांची गोष्ट शेजारी ठेवल्याशिवाय मला रझांविषयी लिहिणे पुरे वाटत नाही. मूळचे शिल्पकार, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे विद्यार्थी, 1951 मध्ये लंडनला गेले आणि 1975 मध्ये परतले ते थेट कोकणात, दापोलीजवळच्या मुरुडला. स्वागत नाही, भोपाळचे आमंत्रण नाही, कोटींचे लिलाव नाहीत. मुंबईच्या कलाजगताकडे त्यांनी पाठच फिरवली आणि 2007 मध्ये मुरुडलाच त्यांचे निधन झाले. रझांनी परतण्याचीच चित्रे केली. बाकरे परतले आणि गप्प राहिले. समीक्षेला पहिल्याविषयी लिहिणे सोपे जाते, कारण तिथे मजकूर चित्रातच लिहिलेला असतो. या दोघांचे परतणे शेजारी शेजारी मांडणारे प्रदर्शन माझ्या पाहण्यात आलेले नाही. ते कोणी भरवलेच, तर ते मुंबईतच भरावे, कारण वर्षभराच्या अंतराने दोघेही निघाले ते याच शहरातून.