मुलीला योगाला पाठवू का?

"ताई, मुलीला टेन्शन फार येतं. योगाला पाठवू का?" प्रिलिम जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. पूर्वी दहावी-बारावीचे पालक विचारायचे, आता चौथी-पाचवीतल्या मुलांच्या आयाही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. "पाठवा" एवढं फोनवर सांगून भागत नाही.

पाठवा, जरूर पाठवा. पण तिला हलकं वाटावं म्हणून पाठवताय, की आणखी दोन तास अभ्यासाला बसता यावं म्हणून, हे आधी स्वतःशी ठरवा. दुसऱ्या कारणासाठी आलेलं मूल लगेच ओळखू येतं. शवासनातही त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं. शाळा, क्लास, टेस्ट सिरीज आणि वर योग, असा आणखी एक क्लास तिच्यावर लादायचा असेल, तर त्यापेक्षा तिला संध्याकाळी खाली खेळायला सोडा. मी हे मनापासून सांगते आहे.

लहान मुलं "मला ताण आलाय" असं म्हणत नाहीत. त्यांचं शाळेच्या वेळेला पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही. नखं कुरतडली जातात, पेन्सिल वहीत रुतायला लागते, येणारी गणितं चुकतात. पेपर हातात पडला की हात कापतात आणि श्वास छातीतल्या छातीत, वरच्यावर चालतो. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे पहिल्या भागात, चित्त विचलित झाल्याची लक्षणं दिली आहेत: दुःख, खिन्नता, अंगाला कंप आणि श्वासाची बिघडलेली लय. परीक्षेच्या वर्गाबाहेर उभी असलेली मुलं पाहिली की मला हेच सूत्र आठवतं. तिथून तीनच सूत्रं पुढे चित्त शांत करण्याचे उपाय सांगताना श्वास बाहेर सोडण्याचा उल्लेख येतो.

माझाही सगळा भर श्वास सोडण्यावर असतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मनगटावर बोटं ठेवून शांत बसलं तर पुष्कळ मुलांना हे स्वतःचं स्वतःला कळतं, आणि त्याची त्यांना फार गंमत वाटते. मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे. श्वास सावकाश, लांबवर सोडला की तिचं काम वाढतं आणि धडधड कमी होते. म्हणून मनात चार अंक मोजत श्वास घ्यायचा आणि सहा अंक मोजत सोडायचा. सहा जड जात असतील तर पाच. ओढूनताणून काही करायचं नाही. श्वास रोखून धरायला मी मुलांना सांगत नाही. कपालभाती आणि भस्त्रिका हे जोरजोरात, भराभर श्वास घेण्या-सोडण्याचे प्रकारही करून घेत नाही. घाबरलेल्या मुलाचा श्वास आधीच भराभर चाललेला असतो, तो आणखी कशाला पळवायचा? दमा असेल किंवा फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्यांनाही तसं सांगा.

दिवसभर बाकावर बसून आलेल्या मुलाला मात्र लगेच डोळे मिटून बसवू नये. त्याला आधी हलायचं असतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार आणले, ते शरीर बळकट व्हावं म्हणून. मला त्यातली लय हवी असते. चार-सहा नमस्कार झाले, मांजरासारखी पाठ वर-खाली करून झाली, की मुलं आपोआप खालच्या आवाजात बोलायला लागतात.

मग वृक्षासन, म्हणजे एका पायावर झाडासारखं उभं राहणं. सगळी डुलतात, पडतात, हसतात, पुन्हा उभी राहतात. पडलं तरी मार्क जात नाहीत असा तिच्या दिवसातला हा बहुधा एकमेव तास असतो, आणि माझ्या मते खरा उपाय तिथे आहे. म्हणून "बघा, ही कशी छान करते" असं मी कुणाबद्दलही म्हणत नाही. 2020 साली योगासनांना सरकारने स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. ज्यांना स्पर्धेत उतरायचंय त्यांनी आनंदाने उतरावं. पण तुमची मुलगी स्पर्धेनेच दमली असेल, तर तिला त्या बॅचला घालू नका.

शवासनात लहान मुलांच्या पोटावर हलकी वाटी ठेवते. ती वर-खाली होताना दिसली की पोटातून श्वास घेणं वेगळं समजवावं लागत नाही. काही मुलांना डोळे मिटायची भीती वाटते. त्यांनी छताकडे बघत पडावं. भ्रामरी सगळ्यांनाच आवडते. कान बंद करून गुणगुणताना बाहेरचं काही ऐकू येत नाही, हेच त्यांना हवं असतं.

परीक्षेच्या बाकावर यातलं काय करता येतं? दोन्ही पावलं जमिनीला टेकवून तीन-चार वेळा श्वास सावकाश सोडायचा. शेजारच्यालाही कळत नाही. पण हे पेपरच्या आदल्या रात्री शिकवून उपयोग नाही. तेव्हा ती आणखी एक लक्षात ठेवायची गोष्ट होते. जून-जुलैपासून रोज दहा मिनिटं पुरतात. घरी तुम्हीही तिच्याबरोबर बसा, आणि त्या दहा मिनिटांत अभ्यासाचा विषय काढू नका.

काही ताण योगाने जात नाहीत. शाळेत कुणी छळत असेल, घरात भांडणं असतील, तर ती गोष्ट मोठ्यांनीच सोडवायला हवी. मुलीची झोप-जेवण तुटलं असेल, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही ती बोलली असेल, तर माझ्याकडे येण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं, मराठीतही.

नाव घालण्याआधी मात्र तिला एकदा विचारा, यायचंय का. नको म्हणाली तर आग्रह करू नका. पहिला महिना तुम्ही स्वतः या.