बंड्या एका पायावर ११ सेकंद उभा राहिला!

काल रात्री पावणेबाराला बंड्याने, म्हणजे मी बनवत असलेल्या दोन पायांच्या रोबोने, डावा पाय उचलला आणि तो वरच धरला. मी मोठ्याने आकडे मोजत होतो. अकरा म्हणालो आणि तो डावीकडे कलंडला, तसा झेलला. तीन आठवडे याच एका जागी अडकलो होतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मागच्या वेळी सांगितलेलं दुखणं तेच होतं. वजन उजव्या पायावर घेऊन डावा उचलायला गेलं की उजवा गुडघा एकदम लुळा पडायचा. मी कोडवर संशय घेतला. हालचाल ०.८ सेकंदांवरून २ सेकंदांवर आणली, एमपीयू६०५० या कल मोजणाऱ्या सेन्सरचा फिल्टर दोनदा बदलला, घोट्याचे ऑफसेट (शून्याच्या जागा) नव्याने लावले. फरक शून्य. हिशेबही चुकत नव्हता: गुडघ्याच्या वर १.४ किलो, वाकल्यावर अंतर ५ सेंमी, म्हणजे ७ किलो-सेंमीचा ताण. गुडघ्यातला एमजी९९६आर सर्वो (सांधा हलवणारी मोटर) ६ व्होल्टवर ११पर्यंत ताण घेतो. मग हा लुळा पडतो कसा?

शेवटी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. गुडघा सुटायच्या आधी मानेचा सर्वो फडफडत होता! मानेवर तर काहीच भार नाही. म्हणजे गोची गुडघ्यात नव्हती, पॉवरमध्ये होती.

मल्टिमीटर मात्र शांतपणे ५.९ दाखवत होता. क्षणभराची घसरण त्याला पकडता येत नाही. मग दोन रेझिस्टरचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी जोडणी) करून ईएसपी३२ या कंट्रोलरच्या व्होल्टेज मोजणाऱ्या एडीसी पिनला दिला आणि दर मिलिसेकंदाला व्होल्टेज नोंदवलं. पाय उचलायच्या क्षणी सर्वोंना सिग्नल देणाऱ्या पीसीए९६८५ बोर्डाच्या व्ही प्लस या पॉवरच्या टोकावर ६ व्होल्टचे ४.५ होत होते. या सर्वोंना निदान ४.८ लागतात.

कारण काय, तर ब्रेडबोर्डच्या बारीक जंपर वायरी. २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२ ओहम. जाऊन-येऊन ६० सेंमी तार आणि ६ अँपिअर करंट, म्हणजे पाऊण व्होल्ट तारेतच गेला. बाकीचा ब्रेडबोर्डच्या ढिल्या क्लिपांनी खाल्ला.

शनिवारी पुण्याची तापकीर गल्ली गाठली. दीड स्क्वेअर मिमीची वायर मागितली, तर दुकानातल्या काकांनी विचारलं, "हलणार आहे का जागची?" म्हटलं, रोबोच्या पायात जाणार. "मग ही साधी नका नेऊ, वाकून वाकून तुटेल. सोळा गेजची सिलिकॉन न्या." ती वायर बोटाभोवती गुंडाळली तरी दोऱ्यासारखी पडून राहते. असा सल्ला ऑनलाइन मिळत नाही. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतलेल्या आठ 'मेटल गिअर' सर्वोंपैकी दोनांत एक चाक प्लास्टिकचं निघालं. आता प्रत्येक सर्वो उघडून बघितल्याशिवाय बसवत नाही.

आता पॉवर व्होल्टेज कमी करणाऱ्या बक कन्व्हर्टरमधून थेट दोन्ही पायांच्या वितरण पट्ट्यांवर जाते, प्रत्येक पट्टीवर २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. पीसीएकडून फक्त सिग्नल, ग्राउंड सगळ्यांचं एकच. पायांचे बाराच्या बारा सर्वो त्या बोर्डाच्या हिरव्या टर्मिनलवरून चालवत असाल तर आजच बदला. नव्या जोडणीत सगळ्यात खाली गेलेला आकडा ५.६ व्होल्ट आहे. ती सरळ रेघ बघून फार बरं वाटलं.

उरलं ते कलंडणं. सर्वो जागेवर घट्ट धरून तळवा हलवला तर कडेला ३-४ मिमी खेळ आहे. गिअरच्या दात्यांतला. तोल घोट्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की तेवढा पाय सैल सुटतो. दोन बेअरिंगचं, पीईटीजी प्लास्टिकचं नवं ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर छापायचं ठरवलं होतं, डिझाइनही अर्धं झालंय. पण बेअरिंगने शाफ्टचं डगमगणं थांबेल, दात्यांमधली फट तशीच राहणार, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. दाते कायम एकाच बाजूला ओढून धरले तर? सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, नडगीपासून तळव्याच्या आतल्या कडेपर्यंत ताणलेली. सर्वोला थोडा जास्त जोर लागेल, पण आता पॉवर पुरते.

ब्रॅकेट थांबवतो. ट्यूब माळ्यावरून काढली आहे, आज रात्री आधी उजवा घोटा.