मसाल्याचं नाव नावावर करून घेताना

साताऱ्यातल्या एका दुकानाच्या फळीवर आमच्या मसाल्याचं पाकीट दिसलं म्हणून कौतुकाने हातात घेतलं, तर ते आमचं नव्हतंच. तेच नाव, तोच लाल-पिवळा रंग, आत मात्र नुसता तिखटजाळ. सहा वर्षं अंगणात मिरची वाळवून, डंकावर कुटून आणून लोकांच्या तोंडी बसवलेलं नाव ते. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

जो तो म्हणे, पेटंट काढा. वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत ते डोक्यातून काढलं. कांदा-लसूण मसाला घरोघरी होतो, त्यात नवा शोध कुठला? आणि नुसत्या कल्पनेवर कुठलाच कायदा मालकी देत नाही. नाव मात्र राखता येतं. त्यासाठी ट्रेडमार्क, म्हणजे मालाच्या नावाची सरकारी नोंदणी, १९९९ चा कायदा. आमचं नाव सासूबाईंच्या माहेरच्या हाकेवरून ठेवलेलं, ते पथ्यावर पडलं. ‘झणझणीत’, ‘घरगुती’ असं मालाचंच वर्णन असतं तर कलम ९ खाली अडकलं असतं.

नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले आहेत. मसाला, चटणी वर्ग ३० मध्ये. लोणचं वर्ग २९ मध्ये. प्रत्येक वर्गाची फी वेगळी, म्हणून मी लोणचं तेव्हा सोडलं. उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, प्रमाणपत्र असल्याने ऑनलाइन अर्जाला ९००० ऐवजी ४५०० रुपये लागले.

खरी दमछाक पुढेच झाली. “नाव कधीपासून वापरता? पुरावा द्या,” मॅडम म्हणाल्या. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून २०१५ ची बिलबुकं काढली. कार्बनची अक्षरं उडालेली, पानांवर हळदीचे डाग. खिडकीत उजेडाला धरून एकेक पान वाचलं, तेव्हा तेरा बिलं अशी निघाली की ज्यांवर तारीख आणि मसाल्याचं नाव दोन्ही स्वच्छ होतं. ती प्रतिज्ञापत्राला जोडली. बायांनो, बिलावर नुसतं ‘मसाला १ किलो’ लिहू नका, नाव घालून लिहा. माझी निम्मी बिलं त्यापायी वाया गेली.

अर्ज गेल्यावर नावापुढे ™ लावलं, म्हणजे हे नाव आमचं असा नुसता दावा. ® ही नोंदणी झाल्याची खूण, ती मात्र नोंदणी होईपर्यंत लावायची नाही, तो गुन्हा आहे. काही महिन्यांनी ईमेलवर परीक्षण अहवाल आला आणि स्टेटस ‘ऑब्जेक्टेड’, म्हणजे हरकत घेतलेली, असं झालं. वर्ग ३० मध्येच चहासाठी मिळतंजुळतं नाव आधी दाखल होतं. उत्तराला मुदत एक महिन्याची. माझे हातपाय गळाले होते, पण त्या अर्जदाराने नाव अजून वापरातच आणलेलं नव्हतं, आमची बिलं २०१५ ची. उत्तर गेलं, मग व्हिडिओवर सुनावणी झाली, जेमतेम दहा मिनिटं. नंतर ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये नाव छापून आलं. तिथून चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. दर आठवड्याला धाकधूक. कोणी आलं नाही.

प्रमाणपत्र हाती आलं त्याच आठवड्यात त्या पाकीटवाल्याला नोटीस धाडली. नोंदणी नसतानाही ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा, दावा लावता येतो, पण मग बाजारात आपली ओळख किती रुजली आहे हे आधी शाबीत करत बसावं लागतं. नोटीस मिळाल्यावर त्याने नाव बदललं.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. कृतीला मात्र हे कागद लागू नाहीत. म्हणून धने, खसखस, दगडफूल आजही मी आणि जाऊबाईच दार लावून तोलतो, आणि डंकावर जातं ते सगळं एकत्र कालवलेलं.