चौथं वर्ष कोणत्या पदवीचं? पर्यावरणशास्त्राच्या दुहेरी पदवीचे नियम बदलताना आलेला अनुभव

अभ्यासक्रम बदलायचा म्हटलं की सगळे आधी विषयांच्या नावांवर तुटून पडतात. कोणता पेपर काढायचा, कोणता घालायचा, युनिट चार ठेवायची की पाच. सोलापुरात आमच्या पर्यावरणशास्त्राच्या पाच वर्षांच्या बीएस्सी-एमएस्सी दुहेरी पदवीच्या वेळी हा भाग सुरळीत पार पडला. अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद, तिन्हीकडे चर्चा झाली आणि ठराव झाले. घोडं अडलं ते त्यानंतर, विद्यापीठ कार्यालयातल्या एका टेबलावर. ज्या कागदावर अडलं तो कागद बहुतेक विभाग शेवटच्या आठवड्यात उरकतात: जुन्या-नव्या विषयांचा समकक्षता तक्ता, म्हणजे जुन्या कोणत्या विषयासाठी नवा कोणता धरायचा याची यादी. हे काम ज्यांच्या अंगावर येणार आहे त्यांना कळकळीने सांगतो, हा तक्ता सगळ्यात आधी करायला घ्या. विषयांची नावं नंतर.

त्याचं कारण हिशेबात आहे. राज्याच्या २०२३ च्या शासन निर्णयांप्रमाणे एका सत्राला २२ श्रेयांक (क्रेडिट) धरले, तर तीन वर्षांची बीएस्सी १३२, चार वर्षांची ऑनर्स १७६ आणि दोन वर्षांची एमएस्सी ८८ श्रेयांकांची होते. पाच वर्षांची बेरीज दोन वाटांनी २२० येते: १३२ अधिक ८८, किंवा १७६ अधिक ४४. बेरीज दोन्हीकडे सारखी म्हणून सगळे निर्धास्त राहतात. पण सातव्या आणि आठव्या सत्राचे ४४ श्रेयांक पहिल्या वाटेत एमएस्सीच्या पहिल्या वर्षाचे असतात, दुसऱ्या वाटेत बीएस्सी ऑनर्सच्या चौथ्या वर्षाचे. वर्ग तोच, शिक्षक तेच, पेपर तेच. चौकटसुद्धा तीच: संशोधन पद्धतीचे ४, ओजेटीचे (ऑन-जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) ४ आणि बाकीचे मुख्य व ऐच्छिक विषय.

आता अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा, २०२१ चा नियम यात धरा. एकदा एखाद्या पदवीसाठी श्रेयांक वापरले की ते खात्यातून कायमचे वजा होतात. दुसऱ्या पदवीसाठी तेच श्रेयांक दाखवता येत नाहीत. म्हणजे चौथ्या वर्षाचे ४४ श्रेयांक कोणत्या पदवीच्या खात्यात जाणार, हे आधी लिहून ठेवलं नाही तर कोणत्या तरी एका पदवीचा हिशेब ४४ ने तोकडा पडणारच.

आमची फाइल नेमकी इथेच परत आली. शेरा होता, ‘श्रेयांक जुळत नाहीत, त्रुटीपूर्तता करून सादर करावे.’ कोणत्या ओळीतले, किती कमी, कशाशी जुळत नाहीत, काहीही लिहिलेलं नाही. विभागातल्या सगळ्यांनी बसून प्रत्येक सत्राची बेरीज पुन्हा तपासली. दहाही सत्रांची २२ येत होती, एकूण २२० येत होती. तसं लेखी पत्र जोडून फाइल पुन्हा पाठवली, तर तोच शेरा पुन्हा. फोन केला की ‘सिस्टीम घेत नाही’ एवढंच उत्तर. सिस्टीम का घेत नाही, हे विचारायला समोर जाऊन बसावं लागलं, आणि बसल्यावरही स्क्रीन आमच्याकडे वळवायला कुणी तयार नव्हतं. मला याचा राग अजून आहे, कारण सहाव्या सत्राची मुलं निकाल लागून सातव्याच्या प्रवेशाची वाट बघत होती, आणि त्यांना थोपवून धरणारी अडचण एका वाक्यात सांगण्यासारखी होती.

ती अशी. बदल कळवायच्या नमुन्यात प्रत्येक विषयासमोर अभ्यासक्रमाचा संकेतांक लिहायला एकच रकाना आहे. पाच वर्षांचा अभ्यासक्रम म्हणून आम्ही पहिल्या ते आठव्या सत्राला बीएस्सीचा संकेतांक दिला होता आणि नवव्या-दहाव्याला एमएस्सीचा. निकालाची संगणक प्रणाली एमएस्सीला ८८ श्रेयांक शोधते. तिला सापडत होते ४४. तिच्या लेखी श्रेयांक खरोखरच जुळत नव्हते. आमच्या लेखी ते जुळतच होते, कारण आम्ही दुसऱ्या वाटेचा हिशेब मांडत होतो आणि प्रणालीत दुसरी वाट भरलेलीच नव्हती. ‘एमएस्सीखाली ८८ हवेत, ४४ दिसतात’ एवढं त्या शेऱ्यात असतं तर दुरुस्ती दुपारपर्यंत झाली असती.

हे टाळायचं तर दोन्ही वाटांचे स्वतंत्र तक्ते करा. एका कागदावर दोन्ही मांडायचा मोह होतो, तो आवरा. पहिल्या तक्त्यात सत्र १ ते ६ बीएस्सीच्या संकेतांकाखाली, सत्र ७ ते १० एमएस्सीच्या. दुसऱ्यात सत्र १ ते ८ ऑनर्सच्या संकेतांकाखाली, ९ व १० एक वर्षाच्या एमएस्सीच्या. सातव्या-आठव्याच्या विषयांना दोन्ही संकेतांकांखाली वेगवेगळे विषय क्रमांक घ्यावे लागतात. प्रश्नपत्रिका एकच असली तरी क्रमांक दोन. तसं टिपणीत स्पष्ट लिहा, नाहीतर परीक्षेला दोन वेगळे संच मागितले जातात. प्रत्येक तक्त्याखाली पदवीनिहाय बेरीज द्या. सत्रनिहाय बेरीज कुणी वाचत नाही.

विद्यार्थ्याने कोणती वाट घेतली याचं विकल्पपत्र सहाव्या सत्राच्या निकालानंतर आणि सातव्याच्या प्रवेशाआधी घ्या. त्यात मुलांना दोन गोष्टी समजावून सांगणं आपलं काम आहे. पहिल्या वाटेचा विद्यार्थी चौथ्या वर्षानंतर बाहेर पडला तर त्याच्या हातात बीएस्सी आणि पदव्युत्तर पदविका असते, ऑनर्स नसते. आणि ज्याला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवं त्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. त्याच्या चौथ्या वर्षात संशोधन प्रकल्पाचे १२ श्रेयांक येतात, त्यामुळे त्याचे मुख्य विषय कमी होतात आणि त्याच्यासाठी आणखी एक तक्ता लागतो. हा तिसरा तक्ता आम्ही फाइल परत यायच्या आधीच जोडला होता आणि त्यावर एकही शंका निघाली नाही, कारण त्यात पदवीनिहाय बेरीज होती.

मागे राहिलेल्या विषयांची मुलं हा या तक्त्याचा दुसरा अवघड भाग. जुन्या पद्धतीत पर्यावरण रसायनशास्त्राचा ४ श्रेयांकांचा थिअरी पेपर होता. नव्यात त्याचे २ थिअरी आणि २ प्रॅक्टिकल झाले. जुन्या थिअरीत नापास झालेल्याने नव्यातलं काय द्यायचं? फक्त थिअरी दिली तर २ श्रेयांक कमी पडतात. दोन्ही दिलं तर जे प्रॅक्टिकल त्याने जुन्या पद्धतीत वेगळ्या क्रमांकाखाली पास केलंय ते पुन्हा करायला लागतं. समकक्षता श्रेयांकाला श्रेयांक आणि थिअरीला थिअरी अशीच लावावी लागते. आम्ही जुन्या ४ श्रेयांकांसमोर नव्या दोन थिअरी ठेवल्या, जल व मृदा रसायन २ आणि वायू रसायन २. जुन्या पेपरची चारही युनिट या दोन्हींत मिळून येतात, हे दाखवणारा युनिटवार तक्ताही जोडला. सोबत जुन्या पद्धतीच्या परीक्षा आणखी किती सत्रं होणार आणि आधी मिळालेले अंतर्गत गुण पुढे धरणार की नाही, हे ठरावातच यायला हवं. नुसत्या टिपणीला परीक्षेच्या वेळी कुणी विचारत नाही.

दुहेरी पदवीला दारं दोन असतात, हे विसरून चालत नाही. एक पहिल्या सत्राचं, दुसरं सातव्याचं, जिथून वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्राचे पदवीधर थेट येतात. नवे नियम पहिल्या आणि सातव्या सत्राला एकाच वर्षी लागू केले तर सातव्यात आलेल्या सगळ्यांनी, आपल्या स्वतःच्या मुलांनीसुद्धा, जुनी सहा सत्रं केलेली असतात. आम्ही नव्या पाचव्या सत्रात पर्यावरणीय सांख्यिकी घातली आणि सातव्यातल्या संशोधन पद्धतीला तिची पूर्वअट लावली. तशीच ती लागू झाली असती तर पहिल्या वर्षी सातव्याला एकही विद्यार्थी पात्र ठरला नसता. म्हणून पूर्वअटीच्या ओळीत ‘किंवा विभागाने घेतलेली समकक्ष तयारी’ असे शब्द घालून घेतले, आणि ती पूर्वअट नव्या पद्धतीची पहिली तुकडी सातव्यात पोचेल त्या वर्षापासून सक्तीची केली.

ठरावात ‘पुढील वर्षापासून’ असं कधीच लिहू नका. शैक्षणिक वर्ष आकड्यांत आणि सत्र क्रमांकासह लिहा. इतिवृत्त कायम होईपर्यंत पुढचं वर्षच उजाडलेलं असतं, मग वाद होतो.

आता क्षेत्रकार्याबद्दल, कारण पर्यावरणशास्त्रात जीव तिथे आहे आणि कात्री पहिली तिथेच लागते. नमुन्यात थिअरी आणि प्रॅक्टिकल असे दोनच रकाने, क्षेत्रकार्याला जागाच नाही. आम्ही ते प्रॅक्टिकलमध्ये बसवलं: १ श्रेयांक म्हणजे ३० तास, २ श्रेयांकांचे ६० तास. पाच पूर्ण दिवस प्रत्येकी ८ तास, म्हणजे ४०, आणि नमुन्यांचं पृथक्करण व अहवाल मिळून २०. असा तासांचा तपशील दिला की कुणी हरकत घेत नाही. ‘क्षेत्रभेट – २ श्रेयांक’ एवढंच लिहिलं की सहल समजून कापतात.

वेळापत्रकाची अडचणही विषयातूनच येते. बीओडीच्या (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या चाचणीच्या) बाटल्या भारतीय मानक पद्धतीने २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवाव्या लागतात. गुरुवारी प्रॅक्टिकल ठेवलं तर वाचन रविवारी येतं. सोमवार किंवा मंगळवार ठेवा, वाचन गुरुवार-शुक्रवारी होतं आणि तो दुसरा तास वेळापत्रकात दाखवता येतो. सिद्धेश्वर तलावाचं पाणी गावातलं, एका तासिकेत नमुना आणता येतो. उजनीच्या पाण्याला पूर्ण दिवस जातो, आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच स्थिर करावा लागतो, म्हणून मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोबत नेण्याची सोय तासांच्या तपशिलातच लिहा. हवेतल्या पीएम १० चं, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचं, मापन २४ तासांचं, कारण दैनिक मानक १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर हे २४ तासांच्या सरासरीचं आहे. ते दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये कोंबायला गेलात तर मुलं चुकीची पद्धत शिकून बाहेर पडतील. हवा मानकापेक्षा खराब असलेल्या शहरांसाठीच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूर आहे. इथल्या मुलांना हे मापन नीट आलंच पाहिजे, यावर मी मंडळात अडून बसलो आणि त्याचं समाधान आहे.

ओजेटीचे ४ श्रेयांक म्हणजे १२० तास. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काम मिळतं, पण गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच. ओजेटी आठव्या सत्रात आहे हे बरं, फक्त ते सत्राच्या सुरुवातीलाच घ्या. एप्रिलपर्यंत लांबलं तर केंद्र बंद, आणि मुलगा रिकाम्या टाक्या बघून येतो. चादर-टॉवेलच्या रंगाई घटकांना असा हंगाम नसतो, पण तिथे एकावेळी एक-दोनच मुलं घेतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गवताळ प्रदेशाचं सर्वेक्षण ठेवणार असाल तर वनविभागाच्या परवानगीचा अर्ज सत्र सुरू व्हायच्या आधीच द्या आणि काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका. एप्रिलमध्ये चाळिशीपार उन्हात मुलांना माळावर उभं करण्यात अर्थ नाही.

काही किरकोळ पण फाइल परत आणणाऱ्या गोष्टी. युनिटच्या नावात कायद्याच्या नियमांचं वर्ष घालू नका. ई-कचऱ्याचे २०१६ चे नियम जाऊन २०२२ चे आले आणि ज्यांच्या युनिटच्या नावातच वर्ष होतं त्यांना तेवढ्यासाठी ठराव करावा लागला. ‘वेळोवेळी सुधारित’ लिहा. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांची वर्षं चालतात, ती नावाचाच भाग आहेत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला ठराव दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चुराडा होतो आणि छापील प्रत स्कॅन करून मागतात. विषय क्रमांकात शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत तपासा. एक्सेल आणि पीडीएफ एकाच दिवशी, एकाच फाइलमधून काढा, कारण पडताळणी एक्सेलची होते आणि सही पीडीएफवर.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी ४ श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते. ती पहिल्या वर्षाच्या ४४ किंवा पहिल्या दोन वर्षांच्या ८८ च्या बाहेरची आहे. तिला मुख्य तक्त्यात घेतलं की बेरीज २२४ होते आणि पुन्हा तोच शेरा येतो. वेगळं परिशिष्ट करा, आणि त्यावर ‘एकूण श्रेयांकांत धरू नये’ असं ठळक लिहा.

फाइल शेवटी सुटली ती दोन तक्त्यांनीच. सुटल्यावर दोन्ही तक्त्यांची मंजूर, शिक्क्याची प्रत मागून घेतली आणि विभागाच्या विकल्पपत्रांच्या फाइलला लावली. तुम्हीही मागून घ्या. विद्यार्थी अंतिम गुणपत्रक मागायला येईल तेव्हा त्या टेबलावर दुसरं कुणी बसलेलं असू शकतं.