कूलंटमधले हात
आज वर्कशॉपमधल्या एका सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटरसोबत स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, बोटांच्या बेचक्यात कधीपासूनची खाज, भेगा, काही केल्या जातच नाही. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, सुट्टीवर असलास की कमी होतं का? तर म्हणे हो, एकदम कमी. अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

कूलंटचा, म्हणजे धातू कापताना गार ठेवायला सोडतात त्या पाणी मिसळलेल्या द्रवाचा, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साधारण ९ च्या आसपास आणि आपल्या त्वचेचा ५ च्या जवळ, दिवसभर हात त्यात ओले म्हटल्यावर त्वचेवरचं तेलच निघून जातं आणि वरून धातूचा बारीक कीस टोचतो तो वेगळाच. अ‍ॅलर्जी निकेलची, कोबाल्टची, क्रोमियमची की कूलंट सडू नये म्हणून टाकलेल्या केमिकलची, ते पॅच टेस्टनेच कळणार, पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात. आणि ग्लोव्हज घाला म्हणणाऱ्यांनो, फिरत्या चकमधे (जॉब पकडून फिरवणारा मशीनचा भाग) ग्लोव्ह अडकला तर बोटं जातात! खरा घोळ कूलंट पाण्यात मिसळण्यात, रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रण किती दाट ते दाखवणारं उपकरण) लावून टक्केवारी बघतं कोण, सगळं अंदाजे ओततात. थिनरने हात धुणं मात्र आजपासून बंद, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. कूलंटची सेफ्टी डेटा शीट (त्यात कोणती केमिकल्स आहेत ते सांगणारा कागद) मागवलीय, टेस्टच्या वेळी दाखवायला न्यायचीय.