तुम्ही विचारलंत म्हणून: गोळीशिवाय जमतं का ओ ताई?

चटणीचं पुडकं पिशवीत गेलेलं असतं, पैसे देऊन झालेले असतात. मग मागे कुणी उभं नाही ना ते बघून आवाज खाली येतो. "ताई, तुमच्या मुलालाबी ते एडीएचडी हाय म्हणे. गोळी न देता जमतं का ओ?"

जुळे सोलापुरात माझं कडक भाकरी आणि चटण्यांचं घरगुती दुकान आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं आणि सततची चुळबुळ. उभ्याउभ्या सांगितलेलं अर्धवट राहतं, म्हणून आज बसून लिहिते.

जमतं. बरंचसं जमतं. पण गोळीऐवजी जे करायचं, ते पोरानं नाही, आपण करायचं असतं. एवढं ऐकलं की निम्मे लोक भाकरीचा भाव विचारायला लागतात.

आमचं प्रकरण गड्ड्याच्या जत्रेत उघड झालं. पोरगा साडेपाच वर्षांचा, बालवाडीच्या मोठ्या गटात. संक्रांतीची गर्दी, होम मैदान, आणि हा हातातून निसटला. चाळीस मिनिटांनी सापडला तो मोठ्या पाळण्याच्या इंजिनाशी. पट्टा कसा फिरतो ते टक लावून बघत होता, रडणंबिडणं काही नाही. घरी चार ओळी लिहायला बसवलं की पेन्सिलीला टोक करायला सहा वेळा उठणारं हेच पोर. पुढे डॉक्टरबाईंनी उलगडून सांगितलं की या मुलांना लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथं, हवं तेव्हा लावता येत नाही. निदानाला रक्ताची तपासणी नाही की डोक्याचा फोटो नाही. त्रास घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, सहा महिन्यांहून जास्त आहे का, बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहे का, हे विचारून विचारून ठरवतात. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्याचे आजोबा डिट्टो असेच." त्यावर बाई हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. हे घराण्यात चालत येतं.

सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर आधी आईबापांचं प्रशिक्षण, औषधाचा विचार नंतर, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची २०१९ ची मार्गदर्शक सूचना सांगते. ब्रिटनमध्येही पाच वर्षांखाली तोच क्रम. तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना शिकवणीला बसवलं. आठवड्याला एक तास, आठ आठवडे. नवऱ्याला वाटलेलं की पोराला घेऊन जायचंय.

पहिला धडा हुकूम कसा द्यायचा याचा. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या सकाळी घराचं रणांगण होतं. मी तव्यापुढून ओरडायचे, "ऊठ, बादली लाव, दप्तर भर, डबा कुठाय, अजून चड्डीवरच?" एका दमात पाच हुकूम. त्यातला एक त्याच्या कानात शिरायचा, तोही शेवटचा. शिकल्यावर मी गॅस बारीक करून त्याच्यापर्यंत चालत जायला लागले. खांद्यावर हात, नजरेला नजर, आणि एकच वाक्य, "बूट घाल." मग तोंड मिटून मनात पाच आकडे. ते पाच आकडे मोजणं मला भाकरी थापायला शिकण्यापेक्षा जड गेलं, खरं सांगते. घातले बूट की लगेच, "सांगितल्याबरोबर बूट घातलेस." नुसतं शाब्बास नाही, काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. पहिले पंधरा दिवस मला गॅदरिंगच्या नाटकात काम केल्यासारखं वाटायचं.

मग चिंचोके आले. बाई म्हणाल्या, बक्षीस उद्याचं किंवा महिनाअखेरीचं नको, या मुलांना आत्ताचंच कळतं. चिंच मी किलोनं फोडते, चिंचोक्यांना काय तोटा! काचेची रिकामी बरणी घेतली. दप्तर स्वतः भरलं, एक चिंचोका. बसून जेवण संपवलं, एक. दहा झाले की संध्याकाळी बाबांबरोबर संभाजी तलावावर सायकल. आठवडाभर घर स्वर्ग झालं.

पुढची चूक माझी. एका दुपारी त्यानं जवसाच्या चटणीचा अख्खा डबा पालथा केला आणि मी रागानं बरणीतला एक चिंचोका काढला. तो ओरडला, दुसरा काढला. त्यानं लाथ झाडली, तिसरा. बरणीत सात होते, सातही गेले. तेव्हा त्यानं बरणी उचलून फरशीवर आपटली. काचा वेचताना मला वाटलं, हे सगळं थोतांड आहे. बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमचा पगार साहेबानं चिडून कापला तर दुसऱ्या दिवशी कामाला जाल का?" मिळवलेलं काढायचं नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. नवी बरणी प्लॅस्टिकची आणली.

अभ्यासाच्या आधी अंग हलवलं की बसणं सोपं जातं, हा आमचा अनुभव. व्यायामानं थोडा फरक पडतो हे अभ्यासातही दिसलंय, चमत्कार मात्र कुणी मागू नये. क्रिकेटला घातला तर तो सीमारेषेवर मुंग्या बघत बसायचा. मल्लखांबात रमला, कारण तिथं आपली पाळी लवकर येते. घरी मात्र खरा उपयोग उखळाचा झाला. पाच वाजता पावशेर भाजलेले शेंगदाणे, तिखट, मीठ, लसूण घालून उखळात टाकायचे आणि मुसळ त्याच्या हातात द्यायचं. शेंगाचटणी मिक्सरमध्ये भुकटी होते, कुटली तरच तेल सुटतं. तेल सुटेपर्यंत कुटायचं, हात धुवायचे, मग दहा मिनिटांचा गजर लावून गणितं. दहाच मिनिटं. परत उठायचं, परत बसायचं. त्याच्या हातची चटणी मागणारी दोन गिऱ्हाइकं अजून आहेत.

शाळेचं थोडक्यात. पहिलीच्या बाई भल्या होत्या. पुढच्या बाकावर बसवलं, फळा पुसायचं काम दिलं, आणि रोज डायरीत तीन खुणा: जागेवर बसला, वही पूर्ण, कुणाला मारलं नाही. दोन खुणा म्हणजे घरी दोन चिंचोके. दुसरीतल्या शिक्षकांनी मात्र सरळ सांगितलं, साठ पोरांत एकाचे लाड मला परवडत नाहीत. राग आला, पण साठ हा आकडा खोटा नव्हता.

आता सल्ल्यांकडे येते, कारण ते फुकट आणि ढीगभर मिळतात. "साखर बंद करा." १९९५ मध्ये अमेरिकेत २३ प्रयोग एकत्र करून तपासलं, तर साखरेनं मुलांच्या वागण्यावर परिणाम होताना दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयोग तर मला फार आवडतो. आयांना सांगितलं की मुलाला साखर दिलीय, प्रत्यक्षात दिलं होतं बिनसाखरेचं गोड. तरी आयांना मूल जास्त चेकाळलेलं वाटलं! खाण्याच्या रंगांचं थोडं वेगळं आहे. २००७ मध्ये इंग्लंडात काही कृत्रिम रंगांचा मुलांच्या चुळबुळीवर लहानसा परिणाम दिसला, आणि युरोपात २०१० पासून त्या सहा रंगांच्या खाऊवर तशी सूचना छापावी लागते. म्हणून गड्ड्यातले गुलाबी म्हातारीचे केस मी आवरते घेते, पण पोराला त्यापायी रडवत नाही.

"जवस द्या, ओमेगा असतं." जवसाची चटणी मी विकते, मला हे पटवून घेणं सोयीचंच होतं. पण हे ओमेगा ज्यात थेट मिळतं त्या माशातल्या तेलाचाही फायदा प्रयोगांत जेमतेम दिसलाय, आणि जवसातलं तेल शरीरात त्या रूपात फार थोडं बदलतं. भाकरीबरोबर चांगली लागते म्हणून घ्या. डोक्याला तारा लावून खेळ खेळवण्याचे महागडे कोर्सही निघालेत. कुठल्या मुलाला खरा उपचार आणि कुठल्याला नकली, हे खेळवणाऱ्याला आणि आईबापांना माहीत नसताना मोजलं, तर त्यांचा फायदा जवळपास उरत नाही. आधी झोप नीट करा. रात्री साडेनऊला मोबाईल कपाटात, आमचेसुद्धा.

आणि हो, चौथीत आम्ही गोळी सुरू केली.

हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. म्हणजे जमलं नाही तर! तसं नाही. घरातली भांडणं निम्म्यावर आली होती, तो स्वतः दप्तर भरत होता. पण वर्गात एक पानसुद्धा पुरं होईना, आणि "मी ढ आहे" असं तो झोपताना म्हणायला लागला. १९९९ चा अमेरिकेतला मोठा अभ्यास आहे, ५७९ मुलं, चौदा महिने. चुळबुळ आणि लक्ष या मूळ लक्षणांवर नीट देखरेखीतलं औषध नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा, म्हणजे आम्ही शिकलो तसल्या शिकवणीपेक्षा, सरस ठरलं, आणि दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांना औषध कमी लागलं. आमच्या पोरालाही लहान मात्रेवर भागलं. गोळीनं तो वर्गात बसतो. बसून काय करायचं, ते गोळी शिकवत नाही. बरणी चालूच राहिली.

डॉक्टर परवडत नसेल तर शाळेत सरकारी तपासणीचं पथक येतं, त्यांना स्पष्ट सांगा. ते पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, आणि त्याच्या यादीत हा त्रास आहे. आणि तुमचाच जीव मेटाकुटीला आला असेल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट.

पोरगा आता सातवीत आहे. परवा बरणी माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "आई, चिंचोके लहान पोरांचे. मला यूपीआयवर देत जा." एका चिंचोक्याला पाच रुपये मागतोय. मी दोनवर आहे.